ब्रशने पराग लावून हळदीकुंकू-रुईचा संकर का होत नाही, आणि मग काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला घरामागे तांबड्या-पिवळ्या फुलांचं नेहमीचं हळदीकुंकू आहे, एक पूर्ण पिवळ्या फुलांचं आहे, बांधावर जांभळी आणि पांढरी रुई आहे. यांचा आपसांत संकर करून कुंडीत मावेल असं बुटकं, भरगच्च फुलांचं, मे महिन्यात न करपणारं झाड तयार करायचंय. गेल्या हंगामात ब्रशने पराग फिरवले. बहुतेक फुलं गळाली, आणि हळदीकुंकवावर ज्या दोन-चार शेंगा धरल्या त्यांची रोपं हुबेहूब आईसारखी निघाली. आता एक नातेवाईक परदेशातून बटरफ्लाय वीड आणि स्वॅम्प मिल्कवीड या हळदीकुंकवाच्या परदेशी भाऊबंदांचं बी आणणार आहेत, तर कोणाचा कोणाशी संकर करावा?

कोणाचा कोणाशी, हे नंतर बघू. तुम्ही केलेल्या परागीकरणात बहुधा एकही पराग जागेवर पोचलेला नाही. ज्या शेंगा धरल्या त्या माश्या-फुलपाखरांच्या कृपेने, त्याच झाडाच्या परागावर. हळदीकुंकू, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस क्युरासाविका, स्वतःच्या परागाने बी धरतं. त्याच्या कुळातल्या बऱ्याच जाती तसं करत नाहीत. त्यामुळे हळदीकुंकवावर शेंग धरली याचा अर्थ संकर झाला असा घ्यायचा नाही, उलट पहिला संशय स्वपरागाचाच घ्यायचा.

खानदेशात कपाशीच्या सीड प्लॉटवर काम केलेली माणसं घरोघरी आहेत. तिथे संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर खुडायचे, सकाळी नराचं फूल कुक्षीवर घासायचं, झालं. कपाशीचा पराग सुटा असतो म्हणून ते जमतं. रुई आणि हळदीकुंकवात सुटी पावडर नसतेच. पराग मेणचट पिवळ्या पुड्यांत घट्ट बांधलेले असतात. याला परागपुंज म्हणतात. आणि कुक्षीचा जो भाग पराग स्वीकारतो तो बाहेर उघडा नसून पाच बारीक फटींच्या आत असतो. ब्रश वरून कितीही फिरवा, पुडी निघत नाही आणि निघाली तरी फटीत शिरत नाही.

म्हणून आधी एक फूल तोडून भिंगाखाली बघा. सुरुवात रुईच्या फुलावर करा. ते हळदीकुंकवाच्या फुलाच्या तिप्पट-चौपट मोठं असतं आणि हात तिथेच बसतो. मधोमध पाच कोनांचा सपाट चकतीसारखा माथा दिसेल. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर मोहरीपेक्षा कितीतरी लहान असा एक काळपट ठिपका असतो. टोकदार चिमट्याने तो ठिपका पकडून हलकेच वर ओढा. त्याला दोन्ही बाजूंना दोन चपट्या पिवळ्या पुड्या लोंबत बाहेर येतात. एका फुलात असे पाच ठिपके, दहा पुड्या. ठिपक्याच्या बरोबर खाली एक उभी फट असते, तीच आपली वाट. हळदीकुंकवात तांबड्या पाकळ्या खाली वळलेल्या असतात आणि वर पाच पिवळे द्रोण उभे असतात. तिथे फट दोन द्रोणांच्या मधल्या खाचेत असते, द्रोणाच्या समोर नाही. नवशिका हमखास द्रोणातच पुडी खुपसतो आणि तिथे फक्त मध असतो.

हत्यारं फार लागत नाहीत. घड्याळजीकडे मिळतं तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तसा सुईसारख्या टोकाचा चिमटा, एक बारीक टाचणी, पुसायला स्पिरिट आणि कापूस. चिमट्याला चीक लागला की तो घट्ट होतो आणि पुढची पुडी त्यालाच चिकटून बसते, म्हणून दर फुलानंतर पुसायचा. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, हातमोजे घाला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसणं धूसर होतं. गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, घरगुती काही घालू नका.

आता प्रत्यक्ष काम. ज्या झाडाला मादी करायचंय त्याचा एक तुरा, फुलं उमलायच्या आदल्या दिवशी ऑर्गंझाच्या जाळीदार पोटलीत बांधून टाका. लग्नात बदाम-खारका भरून देतात ती पोटली चालते. आत वारा खेळतो. बटरपेपरची पिशवी आपल्या उन्हात आतून तापते आणि तुरा वाफाळतो. देठाला बांधताना खाली कापसाचा वेढा द्या, मुंग्या तिथूनच शिरतात. फूल पूर्ण उमललं की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काम करायचं. आधी मादीच्या फुलातले पाचही ठिपके ओढून काढायचे. हळदीकुंकवात ही पायरी टाळता येत नाही, कारण ते स्वतःला स्वीकारतं.

मग नराच्या फुलातून एक ठिपका काढा आणि त्यातली एक पुडी दांड्यापासून तोडून वेगळी घ्या. भिंगातून नीट बघा: पुडीची एक कड फुगीर आणि दुसरी जवळपास सरळ असते. परागनलिका, म्हणजे परागातून बीजांडाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, फुगीर कडेतून फुटतात, म्हणून फुगीर कड आत, फुलाच्या मध्याकडे राहिली पाहिजे. उलटी घातलीत तर पुडी आत असूनही काही होत नाही, आणि बाहेरून बघताना चूक कळतही नाही. मादीच्या फुलाचा मधला माथा डाव्या हाताच्या दोन बोटांत आधाराने धरा, एखादा द्रोण आड येत असेल तर तो चिमट्याने खुडून टाका. फट खालच्या टोकाशी किंचित रुंद असते. पुडी तिथून आत सरकवून टाचणीने वर ढकला. आत गेली की किंचित अडकल्यासारखं जाणवतं आणि बाहेरून फक्त पिवळी रेघ दिसते. सैल हलत असेल तर ती बसलेली नाही.

एका पुडीतले पराग एका शेंगेतल्या सगळ्या बियांना पुरतात. तरी दोन-तीन फटींत पुड्या घालाव्यात. कारण एका फुलात दोन वेगळे बीजकोश असतात आणि काही फटी एकाकडे, काही दुसऱ्याकडे जातात. दोनपैकी एखाद्यातूनच शेंग पोसली जाते, त्याची काळजी करू नका. काळजी तुऱ्यातल्या गर्दीची करा. निसर्गात या झाडांच्या फुलांपैकी शंभरात जेमतेम एक ते पाच शेंगेपर्यंत जातात, बाकीची झाड स्वतःच गाळतं. म्हणून तुऱ्यात संकर केलेली तीन-चार फुलंच ठेवा, बाकीची कात्रीने काढा. त्याच झाडावर दुसरीकडे पोसत असलेल्या शेंगाही काढा, नाहीतर सगळा रस तिकडे जातो.

वेळ आणि हवामान यावर निम्मं यश आहे, आणि इथे खानदेशाचा हिशेब वेगळा. या फुलांत मध त्या फटींच्या आतच पाझरतो आणि मग द्रोणांत साठतो, आणि पराग त्या मधात भिजूनच रुजतो. मध साधारण ३० टक्के साखरेपेक्षा घट्ट झाला की परागनलिका फुटायच्या थांबतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा दहा वाजेपर्यंत मध चिकट पाकासारखा झालेला असतो. त्या दिवसांत संकर करायच्या भानगडीत पडू नये. भर पावसात उलट होतं, फूल धुऊन निघतं आणि पोटलीत बुरशी येते. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा आपला मुख्य हंगाम, आणि थंडी सरल्यावर फेब्रुवारी हा दुसरा. सकाळी दव ओसरल्यावर लगेच, म्हणजे सात ते नऊ. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या आणि भोवतालची जमीन ओली ठेवा.

पराग जिवंत आहे का, हे घरी बघता येतं. उकळून गार केलेल्या १० मिली पाण्यात २ ते ३ ग्रॅम साखर विरघळवा, काचेच्या पट्टीवर एक थेंब घ्या, त्यात पुडी ठेवा आणि ओल्या कापडाखाली झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगीर कडेला पांढऱ्या धाग्यांची झालर दिसली तर पराग चांगला. नर-मादी एका वेळी फुलत नसतील तर पुड्या कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण वापरण्याआधी ही चाचणी कराच.

पहिल्या दिवसापासून संकराच्या तुऱ्याजवळ आणखी दोन तुरे बांधा. एकात ठिपके काढा आणि काहीच घालू नका. दुसऱ्यात त्याच झाडाच्या पुड्या घाला. पहिल्यात शेंग धरली तर तुमची पोटली किंवा ठिपके काढणं कच्चं आहे, मग शेजारच्या संकराच्या शेंगेवरही विश्वास ठेवता येत नाही. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या तुऱ्यातही शेंग धरली नाही तर हात अजून बसलेला नाही. दोन्ही तुरे जसे वागायला हवेत तसे वागले आणि तरी संकर धरला नाही, तरच म्हणा की या दोन झाडांचं जुळत नाही.

फूल कधी गळतं यावरूनही बरंच कळतं. तीन-चार दिवसांत देठासकट पिवळं पडून गळालं तर पुडी बसलीच नव्हती किंवा पराग रुजला नाही. शेंग वाटाण्याएवढी झाली, थोडी लांबली आणि दुसऱ्या आठवड्यात सुकली तर तुमचं काम बरोबर होतं. या कुळात परागनलिका बीजांडापर्यंत पोचते, आणि नकार तिथे गेल्यावर मिळतो. अशा जोडीवर हंगाम घालवू नका, फार तर नर-मादी उलटे करून एकदा बघा. एका दिशेने न धरणारा संकर दुसऱ्या दिशेने कधीकधी धरतो.

आता कोणाचा कोणाशी. हळदीकुंकू आणि रुई यांचा संकर मनातून काढून टाका. दोघांची फुलं एकाच घडणीची आणि दोघांना चीक, म्हणून जवळची वाटतात, पण ते दोन वेगळे वंश (जीनस) आहेत, एक मूळचा अमेरिकेचा आणि एक आपल्याकडचा. एकाच अ‍ॅस्क्लेपियस वंशात शंभराहून जास्त जाती असूनही निसर्गात त्यांचे संकर मोजकेच सापडतात. उत्तर अमेरिकेत सिरियाका आणि स्पेसिओसा, सिरियाका आणि एक्झाल्टाटा यांचे सापडतात, तेही दोघी शेजारी वाढतात तिथे. घरातच एवढी अडचण असताना परक्या वंशाशी जमेल ही आशा फार पातळ आहे.

पांढरी आणि जांभळी रुई यांचा संकर सोपा, कारण ती एकाच जातीची रंगरूपं आहेत. बांधावर दुसरीही एक रुई असेल, फुलं लहान, पाकळ्या उभ्या आणि टोकांना जांभळ्या. ती वेगळी जात. तिच्याशीही करून बघायला हरकत नाही. पण रुई दोन-तीन मीटर वाढणारं, खोल मुळाचं झाड आहे. त्यातून कुंडीतलं रोप काढायला पिढ्या जातील. कुंपणाला लावायला वेगळ्या छटेची रुई हवी असेल तर जरूर करा, पांढऱ्या मांदाराला गिऱ्हाईक कायम असतं.

तुमच्या हेतूसाठी सगळ्यात भरवशाची जोडी तुमच्या घरातच आहे: पिवळं हळदीकुंकू आणि तांबडं हळदीकुंकू. बाजारात सिल्की गोल्ड आणि सिल्की डीप रेड या नावाने बी मिळतं, ते याच जातीचं. एक जात असल्याने शेंगा धरतील, रोपं सुपीक निघतील आणि बी पेरल्यापासून तीन-चार महिन्यांत फूल दिसेल. लोकांना हे फार साधं वाटतं. पण बागेतल्या झाडांतली बरीचशी सुधारणा अशीच, एकाच जातीतल्या निवडीतून झाली आहे.

पिवळं झाड मादी घ्या. त्याच्या रोपांत तांबडा दिसला तर संकर झाल्याचा पुरावा लगेच मिळतो. सगळी पिवळी आली तर दोन शक्यता: स्वपराग झाला, किंवा पिवळा रंग वरचढ आहे. ते ओळखायला उलटा संकरही लावून ठेवा. पहिल्या पिढीतली रोपं एकसारखी दिसतील, तिथे निराश होऊन फेकू नका. निवडीला माल दुसऱ्या पिढीत मिळतो. पहिल्या पिढीतल्या एका रोपावर पोटली बांधून स्वपराग करा आणि ते बी पेरा. एका दबलेल्या, म्हणजे पहिल्या पिढीत लपून राहिलेल्या, गुणासाठी चारात एक रोप येतं. ते निदान एक तरी हाती लागेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ रोपं पुरतात. दोन दबलेले गुण एकत्र हवे असतील, समजा रंगही आणि बुटकेपणाही, तर सोळात एक, म्हणजे ४७ रोपं लागतात. पाच-सहा रोपं लावून संकरात काही निघालं नाही म्हणणारे खूप भेटतात.

निवड करताना शेंडे खुडू नका. खुडलेलं प्रत्येक हळदीकुंकू पसरट आणि बुटकं दिसतं, त्यातून जात कळत नाही. सगळी रोपं सारख्या कुंडीत, आठ इंची चालेल, सारख्या मिश्रणात: एक भाग माती, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू. नुसती काळी माती घातली तर पावसात मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात कुंडीत भेगा पडतात. जमिनीपासून किती उंचीवर पहिला तुरा आला, खालून किती फांद्या फुटल्या, तुऱ्यात किती फुलं, आणि एक फूल किती दिवस टिकलं, एवढं वहीत लिहा. मग मे महिन्यात शेडनेटखाली न ठेवता उघड्यावर ठेवा. पानं कडेने करपली तरी खोड हिरवं राहून जूनच्या पहिल्या पावसात फुटतं ते झाड ठेवायचं. शेडनेटखाली निवडलेलं झाड विकत घेणाऱ्याच्या गच्चीवर मरतं.

पिवळा मावा येणारच. रुईवर आणि कण्हेरीवर असतो तोच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, लागलंच तर लिटरला ५ मिली सौम्य साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी. संकराच्या तुऱ्यावर मात्र मावा चढू देऊ नका, त्याचा गोड चिकटा फटींवर बसतो आणि मागोमाग मुंग्या येतात. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध वापरू नका. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर जगतात, आणि लोक हे झाड निम्मं फुलपाखरांसाठीच घेतात. अळ्यांनी पानं खाल्ली तर झाड पुन्हा फुटतं. निवडीतलं मोजकं रोप वाचवायचं असेल तर त्याला जाळी लावा.

परदेशी बियांबद्दल. केंद्र सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे पेरणीचं बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला, लागतं. खिशातून किंवा पाकिटातून आणू नये, नातेवाइकांना तसं स्पष्ट सांगा. रीतसर मिळालंच तर ते हळदीकुंकवासारखं पेरून उगवणार नाही. ओल्या कोकोपीटमध्ये मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे ठेवावं लागतं. बटरफ्लाय वीड, म्हणजे ट्यूबरोसा, हिला जाड सोटमूळ असतं, काळ्या जमिनीत पावसाळ्यात ते सडतं. त्याहून मोठी अडचण दिवसाची. तिला फुलायला १४ तासांच्या आसपास दिवस लागतो, आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच असतो. रात्री मध्येच काही तास बल्ब लावून रात्र तोडावी लागेल. स्वॅम्प मिल्कवीड, इन्कार्नाटा, ओलीत राहणारी आणि गुलाबी फुलांची. हळदीकुंकवाशी करून बघायची असेल तर मी हीच आधी घेईन, पण शेंग धरेलच असं सांगत नाही. धरली तर रोपांना थंडीतली झोप लागते की नाही हे दोन हिवाळे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

शेंग दीड-दोन महिन्यांत पिकते. पोटली तोवर काढू नका, नाहीतर एका दुपारी शेंग फुटते आणि म्हाताऱ्या उडून जातात. शिवण हलक्या दाबाने उकलली आणि आत बी तपकिरी दिसलं की तोडा. कापूस मोकळा व्हायच्या आत शेंग उघडून, म्हाताऱ्यांची शेपटी एका हातात घट्ट धरून बी खरवडलं तर सगळं स्वच्छ निघतं. चपटं, फिकट, नखाने दाबल्यावर पोकळ लागणारं बी फेका. संकरात असं बी जास्त निघतं. पाकिटावर आधी मादी, मग नर, आणि तारीख, पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात उडते.

मनासारखं एक झाड मिळालं की त्याचं बी वाटू नका, बियांतून गुण पुन्हा फुटतात. छाट कलम करा: १० ते १२ सेंटिमीटरचं, ना कोवळं ना जून खोड, खालची पानं काढून, चीक थांबेपर्यंत कोमट पाण्यात बुडवून, रूटिंग पावडर लावून वाळू-कोकोपीटमध्ये. सावलीत तीन-एक आठवड्यांत मुळं धरतात. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा की शेंगा हिरव्या असतानाच खुडाव्यात. हळदीकुंकू आपल्याकडे पाटाच्या कडेने आपोआप पसरतं, आणि शेजारच्याच्या पिकात तुमचं नवं वाण तण म्हणून उगवायला नको.